पहिलं शिंगरू येण्याआधी
दादा, वहिनी, सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणलीत, दारात कारवानी जातीची शिकारी कुत्रीही आहे, फार बरं वाटलं. फक्त दोघी एकाच वेळी वितील असं करू नका. घोडीला अकरा महिने लागतात, कुत्रीला साधारण 63 दिवस. हिशेब आधीच मांडा. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, म्हणून जागरणाच्या पाळ्या लावून घ्या. शिंगरू तासाभरात उभं राहून दोन तासांत थानाला लागलं पाहिजे. पहिला चीक पोटात जायलाच हवा. वार, म्हणजे शिंगरामागून पडणारं गर्भाचं आवरण, तीन तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टर बोलवा. पडलेली वार पसरून बघा, तुकडा आत राहिला तर घोडीच्या जिवावर बेततं. कुत्रीची पिल्लं मात्र आठ आठवड्यांच्या आत विकू नका, कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या सरकारी नियमांतही तेच आहे.