वहिनीची डिलिव्हरी व्हॅक्यूम लावून झाली, टाके पडले. एकच अँटिबायोटिक इंजेक्शन दिलं, गोळ्या नाहीत. इन्फेक्शन होईल का?

एक डोस पुरतो. गोळ्या दिल्या नाहीत हे योग्यच झालं. डिस्चार्ज कार्डावर सवयीने लिहिल्या जाणाऱ्या पाच दिवसांच्या कोर्सवरून मी वॉर्डात कायम भांडत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्रिटनमधल्या 27 प्रसूती विभागांत 3,427 बायकांवर 'अनोड' चाचणी झाली. निकाल 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावलेल्या निम्म्या बायकांना प्रसूतीनंतर 6 तासांच्या आत शिरेतून एक डोस दिला, बाकीच्यांना नुसतं सलाईन. सहा आठवड्यांत इन्फेक्शनचं प्रमाण सलाईनवाल्यांत 19 टक्के, डोसवाल्यांत 11. आधी 100 जादा डोस दिले की पुढे उपचाराचे 168 डोस वाचतात, असाही हिशेब निघाला. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच शिफारस केली.

डोस म्हणजे अमॉक्सिसिलिन 1 ग्रॅम अधिक क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड 200 मिलिग्रॅम. 1.2 ग्रॅमची वायल 20 मिली इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवायची आणि 3-4 मिनिटांत सावकाश द्यायची. कालवल्यापासून 20 मिनिटांत ती गेलीच पाहिजे. गर्दीच्या पाळीत आधीच कालवून ट्रेमध्ये ठेवतात. तोवर क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचा जोर उतरलेला असतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आधी विचारायची, ती असेल तर औषध वेगळं.

त्यानंतर पाच दिवस गोळ्या खाऊन टाके जास्त सुरक्षित होत नाहीत. आईला जुलाब, बाळालाही कधी पातळ शी, आणि जंतू मात्र औषधाला सरावतात. टाके सांभाळतो तो कोरडेपणा: दर चार तासांनी पॅड बदला, पुढून मागे धुवा, मऊ कापडाने टिपून घ्या. शेक-शेगडी हवीच असेल तर पाठ-कंबरेला द्या. टाक्यांवर धुरी अजिबात नको, तिथली कातडी भाजते.

हे सगळं ताप नसलेल्या बाईसाठी. कळांमध्येच ताप होता, तर तो उपचार, तिथे कोर्स लागतो आणि तो मधेच सोडायचा नाही. सिझेरियनचा हिशेबही वेगळा, तिथे डोस चिरा देण्याआधी जातो.

आणि 11 टक्के म्हणजे शून्य नव्हे. सहा आठवड्यांत ताप 100.4 फॅरनहाइटला गेला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, टाक्यांचं दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, पू आला किंवा टाका उसवला, तर त्याच दिवशी दाखवा. उरलेल्या जुन्या गोळ्या घरी सुरू करू नका.