बाटिकच्या (मेण लावून रंगवलेल्या कापडाच्या) त्रिकोणांची गोधडी जोडतेय. त्रिकोण कापून ठेवलेत, पण चौकोन वेडेवाकडे होतात आणि टोकं जुळत नाहीत. काय चुकतंय?

त्रिकोण आधी कापले आणि मग जोडायला बसलात, घोळ तिथेच झालाय. चौकोन कर्णावर कापला की ती कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी होते. उरेब कड मशीनखाली ताणली जाणारच. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती याच गुणासाठी. म्हणून आधी टीप, मग कात्री.

फिका आणि गडद चौकोन एकावर एक ठेवा. वरच्या चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घाला आणि मग रेघेवर कापा. दोन दुरंगी चौकोन हातात येतात. गोधडीत ४ इंचाचा चौकोन दिसायला हवा असेल तर हिशेबाने तुकडा ५ इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी लागतो. मी तेवढं मोजत बसत नाही. सरळ ५ इंची कापते आणि इस्त्री झाल्यावर साडेचारवर छाटते (प्रत्येक बाजूचा पाव इंच शिलाईत जातो), कर्णाची टीप पट्टीच्या ४५ अंशाच्या रेघेवर ठेवून. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण ओळीत १२ चौकोन असले आणि प्रत्येकात अर्धा सूत फरक पडला, तर ओळीच्या शेवटी पाऊण इंच जातो. आजीच्या गोधडीत कुठलंच टोक कशाला जुळवायचं नव्हतं, धावदोरा सगळं सांभाळून घ्यायचा. इथे तसं चालत नाही.

पाव इंच मशीनच्या फूटच्या (कापड दाबणाऱ्या पायाच्या) कडेवरून धरू नका. माझ्या जुन्या मशीनवर तो पाव इंचापेक्षा जास्त भरतो. सुईपासून पट्टीने मोजून खाली चिकटपट्टी लावून ठेवलीय.

४८ बाय ६० इंचाला असे १८० चौकोन लागतात, म्हणजे ५ इंची ९० फिके आणि ९० गडद. ४४ इंच पन्ह्याचं कापड प्रत्येकी पावणेदोन मीटर पुरतं.

आता बाटिक. गोधडीसाठी म्हणून मिळणारं इंडोनेशियाचं बाटिक घट्ट विणीचं असतं. त्याला १६ नंबरची सुई लावली तर भोकं दिसतात; ११ नंबरची, नवी, टोकदार घाला. उज्जैनजवळच्या भैरवगढचं किंवा कच्छमधलं मुंद्र्याचं बाटिक घेतलंत तर आधी हात लावून बघा, पोत बराच वेगळा असू शकतो. दोन्ही एकाच गोधडीत घालायची तर खळ करून सारखीच कडक करा. कापडाला मेणाचा वास येत असेल तर इस्त्रीआधी उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर मेण इस्त्रीला लागतं.

आणि धुवाच. माझ्या पहिल्या गोधडीत एका लाल तुकड्याने शेजारचे सगळे पिवळे गुलाबी करून टाकले. मिठाच्या पाण्यात भिजवलं होतं मी, पण त्याने रंग पक्का होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं, एवढंच.

बाटिकला उलटी-सुलटी बाजू जवळपास सारखीच, ही मोठी सोय आहे. त्रास रंगांचा: बरंचसं बाटिक ना फिकं ना गडद, मधलंच असतं. जवळून सुंदर दिसतं, जोडल्यावर त्रिकोण हरवतात. तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा, जोडी चुकलेली लगेच कळेल.

इस्त्री घासू नका, उचलून ठेवा. घट्ट बाटिकमध्ये शिलाई एका बाजूला पाडली की चार कोपरे भेटतात तिथे गाठ होते; मी उघडून दोन्हीकडे पाडते.

कापून ठेवलेले त्रिकोण टाकू नका. पातळ खळ करून कडक करा, सावलीत वाळवा, टाचण्या लावून न ओढता जोडा. मग मोठे झालेले छाटा. काही लहान झाले असतील तर सगळेच थोडे छोटे करून घ्या, ४ ऐवजी साडेतीनचे.