सहा महिने तरी राजीनामा लिहू नका

ताई, तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. दोन महिन्यांपूर्वी नवरा गेला, पदरात दोन शाळकरी मुलं, आणि न्यू जर्सीतल्या शाळा मंडळावर निवडून येऊन जेमतेम वर्ष झालंय. वसईहून सासूबाईंचा रोज फोन : 'राजीनामा दे, पोरांकडे बघ.' मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाता, पण ओठ हलतात आणि आत काहीच हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

आधी राजीनाम्याचं बोलू. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ज्यो बायडन यांच्या राजकारणाशी तुमचं पटो न पटो, त्यांचं १९७२ साल आठवा. नोव्हेंबरमध्ये ते सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहावर निवडून आले, वय २९. १८ डिसेंबरला नाताळच्या खरेदीला गेलेल्या त्यांच्या बायकोच्या गाडीला ट्रकची धडक बसली. पत्नी निलिया आणि वर्षाची नेओमी गेल्या, दोन्ही मुलगे इस्पितळात. बायडन पद सोडायला निघाले होते. सिनेटमधले ज्येष्ठ नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी त्यांना गळ घातली, सहा महिने तरी थांब. मुलांच्या इस्पितळातच त्यांनी शपथ घेतली आणि पुढे ३६ वर्षं सिनेटमध्ये राहिले. मुलं रात्री एकटी पडू नयेत म्हणून रोज रेल्वेने वॉशिंग्टनहून विल्मिंग्टनला घरी परत येत. बहीण व्हॅलरी घरी राहायला आली, म्हणून हे जमलं. सासूबाईंना तुमची खरी काळजी आहे. मग त्यांनाच काही महिने इकडे बोलवा ना. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आता श्रद्धेचं. त्या अपघातानंतर देवाने आपल्याशी क्रूर खेळ केला असं त्यांना वाटलं होतं, हे बायडन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा तुम्हाला देवाचा राग येत असेल तर येऊ द्या. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी स्तोत्रं आहेत आणि ती आपण मिस्सातच वाचतो. २०१५ मध्ये त्यांचा मोठा मुलगा बो कॅन्सरने गेला, वय ४६. त्याची रोझरी, म्हणजे जपमाळ, तेव्हापासून त्यांच्या मनगटावर असते. शब्द सुचत नसले तरी मणी बोटांना लागतात. मला वाटतं, आपल्या धर्माची मोठी ताकद इथेच आहे : मन कोरडं पडलं तरी हात, गुडघे, मेणबत्ती आपलं काम करत राहतात.

म्हणून एक सांगते. संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन रोझरीचं एकच दशक, म्हणजे दहा मणी म्हणा, आणि मराठीतून म्हणा. 'नमो मारिया' ही मारियामातेची प्रार्थना आईच्या तोंडून ऐकलेली असते, ती इंग्रजी प्रार्थनेपेक्षा लवकर आत पोचते. मुलांचे उच्चार चुकतील, चुकू द्या.

विल्मिंग्टनजवळच्या ग्रीनव्हिलच्या सेंट जोसेफ चर्चच्या दफनभूमीत निलिया, नेओमी आणि बो आहेत. मिस्सा संपली की बायडन अनेकदा त्यांच्या कबरींपाशी जातात. वसईत आपणही तेच करत आलो. तुमच्या नवऱ्याची कबर घरापासून वीस मिनिटांवर आहे, असं पत्रात आहे. येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मुलांना घेऊन जा, मेणबत्ती त्यांच्या हातून लावा. त्याच आठवड्यात मंडळाची सभा असेल, तर तिलाही जा. बोलावंसं वाटलं नाही तर नुसत्या बसून राहा.