कोरड्या डोळ्यांवर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो का?

थेंब टाकूनही डोळ्यांची जळजळ थांबत नाही, तेव्हा अ‍ॅक्युपंक्चर करून पाहावे का आणि किती बैठका लागतील, असे आपण विचारले आहे. मी बारा बैठका घेतल्या. जळजळ बरीच कमी झाली, थेंब मात्र आजही चालू आहेत.

मी सत्तावीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. दुपारनंतर पापणी उघडताना डोळ्यांत वाळू घासल्यासारखे होई. ज्या नेत्रतज्ज्ञांकडे मी जात असे, त्यांनी दोन वर्षांत तीनदा थेंब बदलून दिले, परंतु खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे पाहण्याची साधी शिर्मर चाचणी एकदाही केली नाही. अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या बाईंनी मात्र सुईला हात लावण्यापूर्वी विचारले, "कोरडी पोळी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येते का?" मला ती गिळता येत नव्हती. "आधी रक्त तपासून घ्या, सुयांचे नंतर पाहू," असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले. तपासण्यांअंती श्योग्रेनचा आजार निघाला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांनी चाचणी केली तेव्हा पट्टी जेमतेम 3 मिलिमीटर भिजली. 5 च्या आतले माप तीव्र कोरडेपणाचे मानतात.

त्यानंतर सुया सुरू झाल्या: भुवईच्या आतल्या टोकाशी, कानशिलावर, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात. तिसऱ्या बैठकीत उताणी पडलेली असताना डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळून कानापर्यंत गेला, आणि तो पुसू नका असे मी बाईंना सांगितले.

माझा थोरला भाऊ डॉक्टर आहे आणि हे सारे मनाचे खेळ आहेत असे तो आजही म्हणतो. बैठकांनंतर पट्टी 4 मिलिमीटर भिजली, म्हणजे अश्रू वाढले नाहीत, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन चाचणीत खऱ्या आणि लटक्या सुयांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही, हेही तो बरोबर सांगतो. परंतु 2012 च्या दुसऱ्या कोरियन चाचणीत कृत्रिम अश्रूंशी तुलना केली असता, उपचार संपल्यावर आठ आठवड्यांनी सुयांच्या गटातील रुग्णांचा त्रास कमी आढळला, हे तो सांगत नाही. पूर्वी मला वीस मिनिटांत पान खाली ठेवावे लागे, आता तासभर वाचता येते, आणि या तासाला शून्य धरणे मला मान्य नाही.

आपण आधी शिर्मर चाचणी आग्रहाने मागून घ्यावी आणि तोंडही कोरडे पडत असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुया टोचण्यापूर्वी ती सांगावी, सुया एकदाच वापरण्याच्या आहेत ना हे पाहावे, आणि उपचार करणाऱ्यांची महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारावे. थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत. मी ते एकदा केले आणि आठवडाभर उजेडाकडे पाहू शकले नाही.