फाइल डिलीट केली तरी वर्ड उघडल्यावर तिचं नाव दिसतंच. ते कसं घालवायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवर एक खासगी अर्ज टाइप केला, प्रिंट घेतली, फाइल डिलीट केली, रीसायकल बिनही रिकामं केलं. तरी वर्ड उघडलं की तिचं नाव सगळ्यांत वर दिसतं. तुमची घालमेल मला नीट कळते. मी तालुक्याच्या कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते, आणि याच यादीने एकदा माझ्या गिऱ्हाइकाचं नुकसान झालंय.

फाइल एका जागी असते आणि तिचं नाव वर्ड स्वतःकडे वेगळं टिपून ठेवतं. म्हणून फाइल गेली तरी नाव राहतं. त्यावर क्लिक केलं तर फाइल सापडत नाही असं सांगतं, पण बघणाऱ्याने नाव वाचलेलं असतंच.

आता करायचं काय? वर्डमध्ये फाइल, मग ओपन, मग रीसेंट असं जा. तुमच्या फाइलच्या नावावर राइट क्लिक करा आणि ‘रिमूव्ह फ्रॉम लिस्ट’ निवडा. तेवढं एकच नाव जाईल. तुमच्यासाठी हेच बरं, कारण सगळी यादी एकदम कोरी दिसली तर दुसरं कुणी विचारणारच. सगळी पुसायचीच असेल तर तिथेच ‘क्लिअर अनपिन्ड’ने सुरू होणारा पर्याय आहे. नावापुढे टाचणीचं चिन्ह लावलेल्या फाइली त्याने जात नाहीत, त्यांची टाचणी आधी काढावी लागते. यादी दिसूच नये असं वाटत असेल तर फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड इथे जाऊन खाली डिस्प्ले या भागात ‘शो धिस नंबर ऑफ रीसेंट डॉक्युमेंट्स’समोर 0 टाका. नव्या वर्डमध्ये तिथे मुळात 50 असतात.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. मलाही होतं.

चार-पाच वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ मृत्युपत्राचा मसुदा टाइप करून घ्यायला आले. मी फाइलला सरळ नाव दिलं: ‘मृत्युपत्र’, पुढे त्यांचं आडनाव आणि ‘धाकट्यास शेत’. काम झाल्यावर फाइल त्यांच्या पेन ड्राइव्हवर दिली, माझ्याकडची डिलीट केली, वर्डमधली यादीही पुसली. दोन दिवसांनी त्यांचा थोरला मुलगा पीक विम्याचा अर्ज टाइप करायला आला आणि काउंटरला टेकून उभा राहिला. माझा हात खालच्या पट्टीवरच्या वर्डच्या चिन्हावर गेला, चुकून राइट क्लिक झालं आणि छोटी यादी वर आली. तिसऱ्या ओळीत ते नाव. मी घाईने बंद केली, पण त्याची नजर तिथेच थांबलेली मला दिसली. अर्जाचे पैसे त्याने मोजून ठेवले आणि एक शब्द न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारबाबा आले. ओरडले नाहीत, बाकावर बसून राहिले. ते मला अजून विसरता येत नाही.

ती खालची यादी विंडोज ठेवतं, वर्डच्या सेटिंगमध्ये शून्य टाकून तिच्यावर भरवसा ठेवू नका. खालच्या पट्टीवर वर्डच्या चिन्हावर राइट क्लिक करा, नावावर पुन्हा राइट क्लिक करा आणि ‘रिमूव्ह फ्रॉम धिस लिस्ट’ निवडा. तिसरी जागा फाइल एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर उघडल्यावर येणारी खिडकी; तिथेही अलीकडच्या फाइलींची नावं दिसतात. तिथे फोल्डर ऑप्शन्स उघडा, जनरलमध्ये प्रायव्हसीखाली ‘क्लिअर’ बटण आहे ते दाबा. त्या वर्डमध्ये तुम्ही स्वतःच्या ईमेलने लॉगिन केलं असेल तर फाइल, अकाउंटमध्ये जाऊन साइन आउट करायला विसरू नका.

वर्डऐवजी लिबरऑफिस असेल तर फाइल मेनूत रीसेंट डॉक्युमेंट्सखाली ‘क्लिअर लिस्ट’ आहे. तिथे जास्त जपा, कारण ते सुरू केलं की पहिल्या पडद्यावर नावाबरोबर पानाचं छोटं चित्रही दिसतं.

खरं तर माझी चूक नाव देतानाच झाली होती. त्या दिवसापासून दुकानातल्या प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे पावतीचा नंबर, बाकी काही नाही. तुम्हीही ‘राजीनामा’ किंवा ‘बदली अर्ज’ असं नाव देऊ नका, तारीख पुरते.

आणि एक स्पष्ट सांगते. वरचं सगळं केलंत तर शेजारच्या टेबलावरच्या माणसापासून नाव लपेल. पण कंपनीचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाकडे बॅकअप असू शकतो, त्यावर तुमचा हात चालत नाही. अर्ज अजून दुरुस्त करायचा असेल तर तो मोबाइलवर टाइप करा आणि प्रिंट बाहेरून काढा. दुकानात काढलीत तर दुकानदाराला तुमच्यासमोर तिन्ही जागा साफ करायला सांगा. संकोच करू नका, आम्हाला त्याला एक मिनिट लागतं.