शीड धरायच्या आधी

भाऊ, तू भुसावळचा, पोहणं तापीत शिकलास, हे बरंच झालं. पण मुंबईला शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरशील तेव्हा लाटेपेक्षा डोक्यावरच्या बूमला जास्त भिऊन राहा. मागून वारा घेत वळताना तो शिडाखालचा आडवा दांडा क्षणात या बाजूचा त्या बाजूला जातो. माझ्या भुवईवरची खूण त्याचीच. वाकायला अर्धा सेकंद उशीर झाला होता.

वारा वाचायला तू घरीच शिकलायस. केळीच्या बागेत झोत येतो तेव्हा पानं कशी ओळीनं उलटतात? पाण्यावर तसाच काळपट, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येतो. तो पोचला की अंग काठाबाहेर झुकव, शिडाची दोरी जराशी सैल सोड. तेव्हा होडी जी उसळी घेते ना, त्यासाठीच तर आपण मरतो!

सुरुवातीच्या रेषेवर गर्दी, नुसती आरडाओरड. 5, 4 आणि 1 मिनिट उरल्याचे इशारे होतात, घड्याळ लावून ठेव. डावीकडून वारा घेत असशील तर उजवीकडून घेणाऱ्याला वाट द्यायची, तिथे हट्ट नको. दोरी हाताला गुंडाळू नकोस. होडी उलटली तर ती सोडून पोहत सुटू नको. चांगल्या पोहणाऱ्यांनाच हा मोह होतो. तळातून बाहेर आलेल्या मधल्या फळीवर उभा राहा, काठ धर, मागे रेल, म्हणजे ती सुलटी होईल. आणि लाइफ जॅकेटचे बंद दोनदा तपास.