महाराष्ट्रात आजही पायी चालता येईल असा प्राचीन व्यापारी रस्ता आहे का?

तुम्ही विचारलंय की युरोपात लोक जुन्या रोमन रस्त्यांवरून आठवडाभर चालतात, वाटेतल्या गावांत मुक्काम करतात, तसं आपल्याकडे काही आहे का. शिवाय तुम्हाला किल्ला सर करायचा नाही, रस्ता चालायचाय. वय पंचेचाळीस, गुडघे अजून बरे.

आहे. नाणेघाट. आणि ‘तो तर पाहिलाय, उलटा धबधबा’ असं म्हणायची घाई करू नका. नाणेघाट पाहिलेल्या दहांपैकी आठ जण जुन्नरकडून गाडीने थेट पठारावर गेलेले असतात. कठड्याशी उभं राहून अंगावर पाणी घेतात, रांजणात डोकावतात, खिंडीतून थोडं खाली उतरून गुहा बघतात आणि कणीस खाऊन परत. त्यांनी घाटमाथा पाहिला. घाट राहिलाच.

मी कल्याणची. आमच्या गावाला खाडी आहे, पण हे एके काळी नावाजलेलं बंदर होतं हे मला शाळेत कुणी नीट सांगितलं नव्हतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचं नाव येतं. तेही एका तक्रारीच्या सुरात: इथला व्यापार आता अडवला जातो, चुकून आलेलं ग्रीक जहाज पहारा देऊन गुजरातेतल्या भडोचला नेलं जातं. त्याच मजकुरात पैठण आणि तेर ही दोन आतली बाजारपेठांची गावं आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांचं, तिथून तेर आणखी दहा दिवसांचं. सोपारा (आजचं नालासोपारा) आणि कल्याणकडून देशावर चढणारा माल नाणेघाटातून वर येई, जुन्नरला टेके आणि पुढे पैठणच्या, म्हणजे सातवाहनांच्या राजधानीच्या दिशेने जाई. तुम्ही चालणार तो याच रस्त्याचा मधला तुकडा. कल्याण ते वैशाखरे हा भाग आज डांबरी हमरस्ता आहे, तो चालण्यात काही मजा नाही. गाडीतून उतरून चालायला सुरुवात करायची ती घाटाच्या पायथ्यापासून.

कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नर किंवा आळेफाट्याकडे जाणारी एसटी पकडा. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे. वैशाखरे गेलं की पुढे दोनेक किलोमीटरवर उजव्या हाताला नाणेघाटाची वाट फुटते. आधीच कंडक्टरना सांगून ठेवा. उतरल्यावर समोर नानाचा अंगठा दिसेल. सह्याद्रीच्या भिंतीतून वर काढलेला तो कडा खरंच मुठीतून उभ्या केलेल्या अंगठ्यासारखा आहे. त्याच्या शेजारची खाच म्हणजे आपली खिंड. दोन हजार वर्षांपूर्वी बैल हाकणाऱ्यालाही खूण म्हणून तो पुरत असणार. नाना आणि गुणा या दोन भावांनी पैज लावून दोन घाट खोदले, त्यात नाना जिंकला, अशी गोष्ट गावात सांगतात.

वाट सुरुवातीला रानातून, जवळजवळ सपाट. मग ओढा, मग चढ, आणि शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या आणि फरसबंदी. अडीच-तीन तास धरा. पायऱ्या गुळगुळीत झाल्यात. पावसाळ्यात त्यांवरून घसरून मी कोपर फोडून घेतलंय. म्हणून माझं ऐकाल तर नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे जत्रा असते, कधीकधी प्रशासन बंदीही घालतं.

आता थोडं माझ्या मूर्खपणाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकदा आम्ही तिघी मार्चमध्ये निघालो आणि पायथ्याशी पोचायलाच अकरा वाजले. माणशी एक बाटली पाणी. दोन तृतीयांश चढ झाला तेव्हा बाटल्या रिकाम्या, दगड तापलेले, जीभ टाळूला चिकटलेली. खिंडीच्या खाली पोचलो तर कातळात कोरलेली पाण्याची टाकी. एका टाक्यात गार पाणी होतं. गाळून प्यायलो, डोक्यावर ओतून घेतलं, आणि सावलीसाठी शेजारच्या गुहेत जाऊन बाकावर पाठ टेकली. त्या गुहेला तिन्ही बाजूंनी कातळाचेच बाक आहेत. पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने ही जागा ठरवली, त्याने आधी हा चढ ओझं घेऊन चढला असणार. जिथे माणूस आणि जनावर दोघंही थकतात, नेमकं तिथेच पाणी आणि सावली. वरून उतरून येणाऱ्याला ही टाकी म्हणजे शेवाळलेले खड्डे वाटतात. म्हणून सांगते, नाणेघाट खालूनच करा.

मग त्याच गुहेच्या भिंतींकडे बघा. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (आपण नागणिका म्हणतो), तिचा नवरा श्रीसातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन अशा राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती इथे होत्या. आज मूर्ती नाहीत. पावलांचे थोडे अवशेष आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. थकलेला व्यापारी बाकावर बसला की समोर अख्खं राजघराणं उभं! रस्ता कुणाचा आहे हे सांगायला आणखी काय लागतं? आपल्याकडे आता फ्लेक्स लावतात, तेव्हा दगडात कोरायचे.

बाजूच्या भिंतींवर नागणिकेचा मोठा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन, आणि मग केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी. अश्वमेध, राजसूय, गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. राणीचं वर्णन ‘मासोपवासिनी’ असं आहे, महिना महिना उपास करणारी. विधवा झालेली, कुमारांच्या वतीने बोलणारी ही बाई राज्यातल्या सगळ्यात वर्दळीच्या खिंडीत हिशोब मांडून ठेवते.

या हिशोबात माझी सगळ्यात आवडती जागा एकच. एका यज्ञाच्या दक्षिणेत लिहिलंय: ‘गावो बारस’, आणि पुढे आकड्यात १२, मग ‘असो च’, आणि आकड्यात १. म्हणजे बारा गायी आणि एक घोडा. ‘बारस’ आणि आपलं ‘बारा’ यांत फार अंतर नाही, तोंडाने म्हणून बघा. आकडा अक्षरात आणि अंकात, दोन्ही. चेक लिहितो तसं. एकासाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन आडव्या रेघा, दहाची खूण वेगळीच. शून्य अजून यायचं होतं, त्यामुळे १२ म्हणजे दहाची खूण आणि शेजारी दोन रेघा. भारतात इतके जुने आणि इतके सारे अंक एकत्र फार कमी ठिकाणी सापडतात. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस हा लेख पडला, आणि पुढे संशोधक भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांचा छडा लावला.

वाचायचं कसं, तर सोबत बॅटरी न्या आणि ती भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरा. समोरून प्रकाश टाकलात तर नुसता खडबडीत दगड दिसतो. तिरका टाकलात की सावल्या पडून अक्षरं वर येतात. जायच्या आधी ब्राह्मीची पाच-सात अक्षरं शिकून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, थ म्हणजे आत ठिपका असलेला गोल. पण खडू लावून अक्षरं रंगवू नका. फोटो चांगला यावा म्हणून लोक हे करतात आणि मला तिथल्या तिथे भांडावंसं वाटतं. एकदा भांडलेही आहे. गुहेत चूल पेटवून मुक्कामही नको. वर पठारावरच्या घाटघर गावात घरगुती सोय होते.

गुहेवरून अरुंद खिंड चढून पठारावर आलं की तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी यात पडायची, त्यावरून नाणेघाट, असं सगळे सांगतात. असेलही. जकातीला याहून चांगली जागा मिळणार नाही: शंभर जनावरांचा तांडा असला तरी इथे एकेकानेच यावं लागतं, चुकवून जायला वाट नाही. पण नागणिकेच्या लेखात जकातीबद्दल अवाक्षर नाही हेही ध्यानात असू द्या.

पहिला मुक्काम घाटघर. तिथे एका मावशींच्या घरी जेवताना (नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा) मी त्यांना विचारलं, तुमच्या लहानपणी घाटाने कुणी जायचं का? त्या हसल्या. “जायाचं का म्हंजे? माझी सासू हिरडा घेऊन उतरायची अन् मीठ-सुकट घेऊन चढायची. एका दिवसात.” इथले महादेव कोळी लोक आजही रानातला हिरडा गोळा करतात. मी तोवर सातवाहन, यवन (तेव्हा ग्रीकांना असं म्हणत), रोमन सोनं अशा धुंदीत होते. या रस्त्यावरून कालपरवापर्यंत सुकट चढत होती हे कळल्यावर जमिनीवर आले. मोठा व्यापार मात्र कधीच उठून गेला होता. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे वर चढली. चाकाला नाणेघाट चढता येत नाही. तो पायाचा आणि खुराचा रस्ता.

दुसरा दिवस सोपा. उजवीकडे जीवधन आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका मागे टाकत पूर्वेकडे चालायचं. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे चार किल्ले या वाटेचे राखणदार. नकाशात बघितलंत तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पहारेकरी उभे केल्यासारखे दिसतात. तुम्हाला किल्ले नकोत म्हणालात, तर खालूनच नमस्कार करा. कुकडी नदी याच मुलखात उगम पावते. पूर गावाजवळ कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे, तिथे तासभर थांबा. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम बघा. चावंडवाडीत मुक्काम. दिवसाचं चालणं पंधराएक किलोमीटर, बरंचसं डांबरी रस्त्याच्या कडेने. खोटं कशाला सांगू, दुपारी हा भाग कंटाळवाणा होतो. सकाळी लवकर निघा.

तिसऱ्या दिवशी जुन्नर जवळ येऊ लागलं की डोंगरांच्या पोटात लेणी दिसायला लागतात. कुठल्याही एका गावाभोवती इतकी लेणी आपल्याकडे दुसरीकडे नाहीत, आणि त्याचं कारण तुम्ही चालत आलात तो रस्ता. गावाच्या अलीकडे पाडळीजवळ तुळजा लेणी आहेत, तिथलं गोल चैत्यगृह (बौद्धांचं प्रार्थनागृह) चुकवू नका: मधे स्तूप आणि भोवती बारा खांब, वर घुमट. जुन्नरच्या लेण्यांतले लेख वाचले तर बाजारपेठच समोर उभी राहते. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूचं काम करणारे, यांच्या श्रेणींनी, म्हणजे आजच्या भाषेत संघांनी, दानं दिलीत. काही दाते स्वतःला यवन म्हणवतात. राजाची नावं घाटात, कामकरी माणसांची नावं इथे. मला ही दुसरी यादी जास्त जवळची वाटते.

शेवट लेण्याद्रीला करा. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तीन दिवसांनंतर त्या लागतात, पण इलाज नाही. सगळे गिरिजात्मज गणपतीच्या लेण्याकडे जातात; तुम्ही त्याच्या अगदी शेजारचं चैत्यगृह बघा. त्यावरच्या लेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा किंवा खजिनदाराचा) मुलगा सुलसदत्त. आमच्या गावचा माणूस! तो कुठल्या वाटेने इथवर आला असेल ते तुम्हाला तोवर तळपायांनी कळलेलं असेल.

परतताना जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याणची एसटी घ्या आणि डाव्या खिडकीशी बसा. घाट उतरून वैशाखरे यायच्या आधी अंगठा पुन्हा दिसतो. आणि पाणी माणशी तीन लिटर, प्लीज.